वासुकी इंडिकस: नाव पुराणातलं, साप कच्छचा, आणि भाऊबंद चंद्रपूरपासून इजिप्तपर्यंत

एप्रिल २०२४ मध्ये एक बातमी आली होती, आठवत असेल. गुजरातमध्ये कच्छच्या कोळशाच्या खाणीत एका अवाढव्य सापाचे अवशेष मिळाले, लांबी कदाचित १५ मीटर, आणि शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं वासुकी इंडिकस. बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड सुरू झाले, की बघा समुद्रमंथनातला वासुकी सापडला, आता तरी माना. काही लोकांनी उलटं टोक गाठलं, की शास्त्रज्ञांनी पुराणातलं नाव द्यायलाच नको होतं, यात काहीतरी राजकारण आहे. आणि मधले बहुतेक लोक नुसतेच गोंधळले, की नेमकं सापडलं काय, आणि नाव असं कसं काय देतात.

मला ही बातमी मनापासून आवडली होती. पण या सगळ्या भांडणात तिच्यातला सगळ्यात भारी भाग कुणी वाचलाच नाही असं मला वाटतं. तो भाग नावाचा नाहीच, तो आहे हा साप आला कुठून आणि त्याचे नातेवाईक गेले कुठे याचा. त्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं एक गाव पण येतं. पण तिथपर्यंत जायला आधी नावाचा गुंता सोडवायला लागेल, म्हणून तिथूनच सुरू करू.

## आधी हे बघू, की सापडलं काय

पूर्ण साप सापडलेला नाही. डोकं नाही, दात नाहीत, कातडी तर नाहीच नाही. सापडलेत ते २७ मणके, म्हणजे पाठीच्या कण्याची हाडं. कच्छमधल्या लखपत तालुक्यात पानंध्रो नावाची लिग्नाइटची खाण आहे (लिग्नाइट म्हणजे अर्धाकच्चा, तपकिरी रंगाचा कोळसा), तिथे हे मिळाले. आयआयटी रुरकीचे प्रा. सुनील बाजपेयी यांनी ते २००५ च्या सुमाराला गोळा केले होते, आणि तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे मगरीचे असावेत. मोठे, जाडजूड मणके, आणि त्या भागात मगरींचे अवशेष मिळतातच, त्यामुळे तसं वाटणं अगदी साहजिक होतं. मग ते बरीच वर्षं तसेच ठेवलेले राहिले. पुढे देबजित दत्ता हे पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतरचे) संशोधक म्हणून त्यांच्यासोबत काम करायला लागले, दोघांनी मिळून मणके नीट साफ केले, निरखले, आणि लक्षात आलं की ही मगर नाही, हा साप आहे. १८ एप्रिल २०२४ ला सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला.

मगर आणि साप यांच्या मणक्यात फरक कसा कळतो? आपल्या पाठीत मणके एकमेकांवर ठराविक ठिकाणी टेकलेले असतात. सापाला मात्र अख्खं शरीर वळवायचं असतं, आणि वळताना कणा पिळवटून तुटायला पण नको, म्हणून त्याच्या मणक्यात एक जादाचा सांधा असतो. एका मणक्याच्या पुढच्या बाजूला पाचरीसारखा उंचवटा आणि त्याच्या पुढच्या मणक्याच्या मागच्या बाजूला ती पाचर बरोबर बसेल अशी खाच, सुताराने लाकडाचे दोन तुकडे एकमेकांत अडकवावेत तसं. मगरीत ही भानगड नसते. आणि या मणक्यांवर तर त्या खाचेच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं पण आहेत, जी सापांच्या एका नामशेष कुळाची खूण आहे. त्या कुळाचं नाव मॅडत्सोइडी, त्याच्याकडे नंतर येतो.

मणके किती मोठे? लांबी साधारण ३.८ ते ६.३ सेंटीमीटर आणि रुंदी ६.२ ते ११.१ सेंटीमीटर. ११ सेंटीमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातापेक्षाही रुंद, आणि असा सापाचा फक्त एक मणका. सापाच्या अंगात असे शेकडो मणके असतात.

## नाव ठेवतात तरी कसं?

प्राण्यांच्या शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रजाती (जीनस), दुसरा भाग म्हणजे जाती (स्पीशीज). सोपं करून सांगायचं तर शाळेच्या हजेरीत आधी आडनाव आणि मग नाव लिहितात ना, तसं. वासुकी हे आडनाव, इंडिकस हे नाव. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसची, आणि प्राण्यांच्या बाबतीत त्याच्या ग्रंथाची १७५८ ची आवृत्ती ही सुरुवात धरतात. त्याआधीची नावं मोजत नाहीत.

याचे नियम छापलेले आहेत, आंतरराष्ट्रीय संहिता आहे त्यासाठी. त्यातले दोनतीनच आपल्या कामाचे आहेत. एक, प्रजातीचं नाव सगळ्या प्राण्यांमध्ये एकमेव असायला लागतं, म्हणजे उद्या कुणी एखाद्या माशाला वासुकी म्हणायचं ठरवलं तर चालणार नाही. जातीचं नाव मात्र वेगळ्या प्रजातीत पुन्हा चालतं, म्हणून इंडिकस नावाचे प्राणी ढिगाने आहेत. दोन, जे नाव नियमाने आधी छापलं गेलं तेच टिकतं. आणि तीन, नाव हवेत ठेवता येत नाही, ते एका ठराविक नमुन्याला बांधायला लागतं. त्या नमुन्याला म्हणतात होलोटाइप, म्हणजे मूळ नमुना. वासुकी इंडिकसचा मूळ नमुना आयआयटी रुरकीत ठेवलेला आहे, आणि पुढे जगात कुठेही कुणाला वाटलं की मलाही वासुकी मिळाला, तर त्याला या मणक्यांशीच तुलना करून दाखवायला लागेल.

आता यात एक गोष्ट बघा, नाव कुठल्या भाषेतलं असावं, त्याचा अर्थ काय असावा, यावर संहिता जवळजवळ काहीच बंधन घालत नाही. ग्रीक-लॅटिनच पाहिजे असं नाही. रोमन लिपीत लिहिता आलं पाहिजे आणि लॅटिन व्याकरणात कसंबसं बसलं पाहिजे, एवढंच. शब्द पुल्लिंगी धरला तर मागे इंडिकस, स्त्रीलिंगी धरला तर इंडिका. बाकी नाव ठेवणाऱ्याची मर्जी.

## मग वासुकीच का?

कारण ते सुंदर बसतं. शंकराच्या गळ्यातला नाग, आणि समुद्रमंथनात मंदार पर्वताची रवी केली तेव्हा तिला गुंडाळलेली दोरी म्हणजे वासुकी. एवढा लांब की डोंगराला वेढे घालून दोन्ही बाजूंनी देव-दानवांना धरायला उरला. भारतात मिळालेल्या राक्षसी आकाराच्या सापाला यापेक्षा चांगलं नाव कुठलं सुचणार? इंडिकस म्हणजे भारताचा. पूर्ण नावाचा अर्थ झाला भारतातला वासुकी. हा सन्मान आहे, आणि तो आपल्या गोष्टींमधून आलाय याचा मला तरी आनंदच वाटतो.

आणि हे काही आपणच करतो असं पण नाही. याच मॅडत्सोइडी कुळातले ऑस्ट्रेलियातले दोन साप घ्या, एकाचं नाव वोनांबी, दुसऱ्याचं युर्लुंगुर. हे दोन्ही शब्द तिथल्या आदिवासी लोकांच्या कथांमधले आहेत, जगाची घडण करणाऱ्या, पाण्याशी जोडलेल्या महासर्पाची नावं. म्हणजे एकाच कुळातल्या सापांना हजारो किलोमीटर लांबच्या दोन देशांत, दोन वेगळ्या संस्कृतींनी आपापल्या महासर्पाचं नाव दिलंय. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ तोच विचार करत होतो.

## पण मग पुराणातला वासुकी खरा होता याचा हा पुरावा झाला का?

नाही, आणि हे स्पष्ट बोलायला पाहिजे. नाव आधी होतं, साप नंतर मिळाला, आणि मिळालेल्या सापाला आधीचं नाव दिलं. एखाद्या मुलीचं नाव सावित्री ठेवलं म्हणून ती यमाच्या दारातून नवऱ्याला परत आणणारी सावित्री होत नाही, तितकं साधं आहे हे.

शिवाय वय बघा. हा साप ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. आपली माणसाची जात, म्हणजे होमो सेपियन्स, साधारण ३ लाख वर्षांची. या दोघांमधलं अंतर डोक्यात बसायला कठीण जातं म्हणून असं करू, सापाच्या काळापासून आजपर्यंतचा वेळ म्हणजे एक पूर्ण दिवस धरू, रात्री १२ ते रात्री १२. तर माणूस येतो शेवटच्या साधारण ९ मिनिटांत. तो साप बघून कुणी गोष्ट रचली असणं शक्यच नाही, बघायला कुणी नव्हतंच.

यावर एक हुशार शंका असते, की जिवंत साप नसेल बघितला, पण जुन्या लोकांनी त्याची दगड झालेली हाडं बघून कथा रचली असेल तर? शंका चांगली आहे. पण हे मणके खाणीतून, कोळशाच्या थरांसोबतच्या गाळातून आलेत, आणि त्या कथेचा कच्छच्या हाडांशी संबंध जोडणारा कसलाच पुरावा नाही. मोठा साप कल्पनेत यायला फॉसिल लागत नाही, जंगलातला अजगर पुरतो.

अजून एक घोटाळा. पुराणातला वासुकी नाग आहे, फण्याचा. वासुकी इंडिकस नाग नाही. आजचा नाग ज्या कुळातला आहे ते इलॅपिडी कुळ पूर्ण वेगळं, विषारी दात असलेलं. वासुकी इंडिकस हा अजगर किंवा ॲनाकोंडासारखा, विळखा घालून भक्ष्य आवळून मारणारा असावा असं संशोधकांचं मत आहे, आणि मणक्यांचा आकार आणि अंगाचा थोरपणा बघता तो झाडावर चढणारा नव्हता, जमिनीवर किंवा दलदलीत दबा धरून बसणारा, संथ चालीचा शिकारी होता. म्हणजे इंटरनेटवर फणा काढलेला वासुकी इंडिकस दाखवणारी चित्रं फिरतात ती चुकीचीच.

## २७ मणक्यांवरून १५ मीटर, हे अंदाजपंचे नाही का?

अंदाज आहे, पण धागा धरून काढलेला. आज जे बोआ आणि अजगर जातीचे साप जिवंत आहेत त्यांची पूर्ण लांबी आपल्याला मोजता येते आणि त्यांचे मणके पण मोजता येतात. मग मणका इतका रुंद असेल तर साप इतका लांब, असं एक गणित बसवता येतं, पावलाच्या ठशावरून माणसाची उंची काढतात तसंच. आता वासुकीचा मणका त्या गणितात घातला. मणक्यावरचं एक मोजमाप वापरलं तर लांबी येते १०.९ ते १२.२ मीटर, दुसरं वापरलं तर येते १४.५ ते १५.२ मीटर. बातम्यांनी अर्थातच मोठा आकडा उचलला आणि हेडिंगमध्ये टाकला. पेपर लिहिणाऱ्यांनी स्वतः मात्र म्हटलंय की सांगाडा अपुरा आहे, आकडे जपून वापरा.

म्हणून जगातला सगळ्यात मोठा साप वासुकी, की कोलंबियाचा टायटनोबोआ, हा वाद मिटलेला नाही. टायटनोबोआ पण कोळशाच्याच खाणीत मिळाला, सेरेहोन नावाच्या, २००९ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, लांबी साधारण १३ मीटर, वजन टनाच्या पुढे, वय ५ कोटी ८० लाख ते ६ कोटी वर्षं. वासुकीचा मोठा आकडा टायटनोबोआच्या पुढे जातो, पण टायटनोबोआचे मणके वासुकीच्या मणक्यांपेक्षा किंचित मोठे आहेत, मग आता काय म्हणणार? कोण जाड, कोण सडपातळ हे आज सांगता येत नाही. मला विचाराल तर पहिला नंबर कुणाचा हा या सगळ्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे.

एवढ्याशा हाडांवरून नवीन जात ठरवणं बरोबर का, ही शंका जास्त महत्त्वाची आहे. कारण भारतातच याचा जुना धडा आहे. १८२८ मध्ये जबलपूरला स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला काही हाडं मिळाली (ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन तो हाच), आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या डायनासोरला नाव दिलं टायटनोसॉरस इंडिकस. तेव्हा ते मणके वेगळे वाटले. पण पुढच्या सव्वाशे वर्षांत जगभर त्या गटातले इतके डायनासोर मिळाले की लक्षात आलं, लायडेकरना जे वेगळेपण वाटलं ते तर सगळ्यांमध्येच आहे. २००३ मध्ये हे नाव संशयास्पद ठरलं. म्हणजे नाव पुसलं जात नाही, पण त्यावरून नेमका कुठला प्राणी हे सांगता येत नाही. गंमत बघा, त्या गटाचं टायटनोसॉर हे नाव मात्र जगभर चालू आहे.

वासुकीच्या बाबतीत फरक असा की मणके २७ आहेत, बरेच चांगल्या स्थितीत आहेत, काही तर एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत मिळाले, आणि ते पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याचे दिसतात. सापाच्या अभ्यासात मणके हेच मुख्य साधन असतं, कारण सापाची कवटी इतकी नाजूक आणि सुट्या तुकड्यांची असते की ती क्वचितच टिकते. त्यामुळे सध्या तरी हे नाव भक्कम आहे.

## ४ कोटी ७० लाख हा आकडा आला कुठून?

बऱ्याच लोकांना वाटतं की कार्बन डेटिंग केलं असेल. कार्बनची पद्धत साधारण ५० हजार वर्षांच्या पुढे चालतच नाही, कारण तोपर्यंत त्यातला मोजायचा कार्बन जवळपास संपलेला असतो. इतक्या जुन्या गोष्टीसाठी हाड ज्या थरात मिळालं त्या थराचं वय बघतात. समुद्राकाठच्या थरांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं साठलेली असतात, त्यांचे प्रकार काळाप्रमाणे बदलत गेलेत आणि कुठला प्रकार कधी होता हे जगभरच्या थरांवरून पक्कं ठरलेलं आहे. जुन्या वाड्यात पाडकाम करताना भिंतीतून एखादं नाणं निघालं तर भिंत कुठल्या राजवटीतली ते कळतं, तसंच हे.

त्यावरून हा काळ मध्य इओसीन निघतो (इओसीन हे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाचं नाव). तेव्हा कच्छमध्ये आजचं रण नव्हतं, किनाऱ्यालगतची दलदल होती, आणि त्या दलदलीतलं झाडझाडोऱ्याचं कुजकं सामान दबून दबून लिग्नाइट झालं. त्याच थरांत कॅटफिश जातीचे मासे, कासवं, मगरी आणि आदिम व्हेल यांचे अवशेष मिळतात.

व्हेलवरून नावाचीच एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात नावाचा स्वभाव फार छान कळतो. १८३४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड हार्लन यांना एका प्रचंड समुद्री प्राण्याची हाडं मिळाली, त्यांना वाटलं सरपटणारा प्राणी आहे, म्हणून नाव ठेवलं बॅसिलोसॉरस, राजा सरडा. नंतर कळलं की तो व्हेल आहे, म्हणजे सस्तन प्राणी. नाव बदलायचा प्रयत्न झाला, पण आधी छापलेलं नाव टिकतं हा नियम, त्यामुळे तो व्हेल आजही राजा सरडाच आहे. म्हणून शास्त्रीय नाव वाचताना एक लक्षात ठेवायचं, नाव म्हणजे त्या प्राण्याला ओळखायची चिठ्ठी. चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावरून प्राण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

## इतका मोठा झाला कसा?

साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतो. छोट्या सापाचं थोड्या उन्हात भागतं. मोठं अंग असेल तर सगळी यंत्रणा चालू ठेवायला हवाच कायम उबदार लागते. म्हणून आजचे सगळे मोठे साप उष्ण प्रदेशात आहेत, ॲनाकोंडा ॲमेझॉनच्या बाजूला, जाळीदार अजगर आग्नेय आशियात. हाच विचार उलटा लावला की सापाचा आकार हा थर्मामीटर होतो. वासुकीच्या आकारावरून त्या वेळच्या कच्छचं वर्षाचं सरासरी तापमान साधारण २८ अंश सेल्सिअस निघतं. इओसीनमध्ये पृथ्वीच आजच्यापेक्षा बरीच गरम होती, त्यामुळे हे जुळतं.

## आता मुख्य गोष्ट, हा आला कुठून?

मॅडत्सोइडी या कुळाला नाव मिळालं अर्जेंटिनात मिळालेल्या मॅडत्सोइआ या सापावरून. त्या सापाचं नाव १९३३ मध्ये जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी ठेवलं, आणि तो शब्द तिथल्या तेह्वेल्चे लोकांच्या भाषेतला आहे, अर्थ साधारण गाईची दरी, कारण ज्या घळीत साप मिळाला तिचं स्पॅनिश नाव तसं होतं. हे कुळ दहाएक कोटी वर्षं टिकलं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि थोडं दक्षिण युरोप, एवढ्या ठिकाणी मिळतं. यादी बघितली की लगेच कळतं, युरोप सोडला तर हे सगळे एकेकाळच्या गोंडवन या महाखंडाचे तुकडे. एक मोठं घर, वाटण्या झाल्या, प्रत्येक भाऊ आपापला तुकडा घेऊन लांब गेला, आणि त्या घरातले साप पण त्या त्या तुकड्यासोबत गेले.

भारताचा तुकडा तर फारच लांब गेला. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि समुद्रातून उत्तरेकडे निघाला, भूगर्भाच्या हिशेबात प्रचंड वेगाने. वाटेत दख्खनचे ज्वालामुखी उफाळले, डायनासोर संपले, हे साप मात्र वाचले. आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला जाऊन टेकला.

या प्रवासातल्या भारतावर कोणते साप होते याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे, बोलताना पिजदुराही म्हणतात. तिथे डायनासोरच्या शेवटच्या काळातल्या थरांमध्ये याच कुळातल्या एका सापाचे मणके मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याला नाव दिलं मॅडत्सोइआ पिसदुरेन्सिस. म्हणजे अर्जेंटिनाच्या गाईच्या दरीचं आडनाव आणि विदर्भातल्या गावाचं नाव, असं ते जुळलंय. मोहबे म्हणजे तेच, ज्यांनी १९८० च्या दशकात गुजरातमध्ये ढोली डुंगरीला डायनासोरच्या घरट्यातली हाडं गोळा केली होती. त्यात डायनासोरच्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला साप होता हे पुढे कळलं, आणि २०१० मध्ये त्याला सनाजेह इंडिकस हे संस्कृतवरून केलेलं नाव मिळालं. इंडिकस पुन्हा आलाच.

आता दत्ता आणि बाजपेयी यांनी काय केलं, वासुकीच्या मणक्यांची बारीक वैशिष्ट्यं घेतली, या आणि इतर सापांशी ताडून बघितली आणि वंशवेल काढली. त्यात वासुकीच्या अगदी जवळ दोनच साप येऊन बसले. एक हा पिसदुऱ्याचा, वासुकीपेक्षा जुना. दुसरा जायगँटोफिस गार्स्टिनी, इजिप्तच्या फायूममधला, वासुकीपेक्षा लहान वयाचा. (हा १९०१ मध्ये नाव मिळालेला साप, टायटनोबोआ येईपर्यंत सगळ्यात मोठा मानला जायचा, नंतर नीट मोजलं तर ७ मीटरच्या आसपास निघाला. गार्स्टिन हे त्या काळचे इजिप्तच्या बांधकाम खात्याचे वरिष्ठ अधिकारी.)

आधी चंद्रपूर, मग कच्छ, मग इजिप्त. काळाच्या क्रमाने हे तिघे मांडले की रस्ता दिसायला लागतो. संशोधकांचं म्हणणं असं, की सापांची ही शाखा भारताच्या तुकड्यावर जन्मली, तुकडा एकटा फिरत असताना त्यावर टिकून राहिली, आणि भारत आशियाला टेकल्यावर पुढच्या काळात दक्षिण युरेशियाच्या वाटेने उत्तर आफ्रिकेत पोचली. आपण नेहमी ऐकतो की अमका प्राणी आफ्रिकेतून भारतात आला, तमका मध्य आशियातून आला. इथे उलटं आहे, भारत देणारा आहे.

## पण भारत आणि आफ्रिका आधी जोडलेलेच होते ना?

होते, आणि ही शंका अगदी योग्य आहे. एका महाखंडावर राहणारे पूर्वज दोन्हीकडे वाटले गेले असतील, मग रस्त्याची गोष्ट कशाला? पण तसं असतं तर आफ्रिकेत याच शाखेचे वासुकीपेक्षा जुने साप मिळायला हवे होते. आत्तापर्यंत या शाखेचा जुना सदस्य मिळालाय तो भारतात, आफ्रिकेतला मिळालाय तो नंतरचा. म्हणून भारतातून बाहेर हा अर्थ जास्त सरळ बसतो. उद्या आफ्रिकेत ८ कोटी वर्षांपूर्वीचा या शाखेतला एखादा मणका मिळाला तर गणित बदलेल, आणि बदललं तर वासुकीचं नाव तेच राहील, फक्त त्याच्या उगमाची गोष्ट नव्याने लिहायला लागेल.

आणि हे व्हायला फार मोठं काही लागत नाही. दोन खंडांच्या मधले देश, म्हणजे पाकिस्तानपासून अरबस्तानापर्यंतचा पट्टा, तिथे इओसीनच्या थरांत या शाखेचा एक मणका मिळाला तरी वाट पक्की होईल. पानंध्रोच्या थरांतून वासुकीची कवटी किंवा नुसता जबडा जरी मिळाला तरी तो काय खात होता हे जास्त खात्रीने सांगता येईल, आत्ता ते फक्त अंगाच्या आकारावरून आणि शेजारी मिळालेल्या प्राण्यांवरून बोलतोय आपण.

पिसदुऱ्यात तर अजून बरंच असणार. त्याच परिसरात डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते, आणि २००५ मध्ये लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले. तोपर्यंत समजूत होती की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. हे सगळं शेतांच्या मातीत आहे, पाऊस पडून गेला की वर येतं, आणि चालताना पायाखाली येणारा गोल खडा खडाच आहे की मणका, हे वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.